बारावा हप्ता

विम्याच्या नोकरीत पस्तीस वर्षं काढली, त्यातली वीसेक क्लेमच्या टेबलावर. या टेबलाचं नाव घेतलं की लोकांच्या डोळ्यांपुढे मृत्यूचे दाखले आणि रडणारी माणसं येतात. प्रत्यक्षात आमचा निम्मा दिवस नावं जुळवण्यात जायचा. पॉलिसीवर पांडुरंग, रेशनकार्डावर पांडू, सातबाऱ्यावर पांड्या; तिन्ही एकच हे कागदावर सिद्ध होईपर्यंत चेक निघायचा नाही. दुसरं म्हणजे, लोक पॉलिसीला देवघरात ठेवल्यासारखं जपतात आणि हप्त्याच्या पावत्या मात्र दिवाळीच्या साफसफाईत टाकून देतात. जपायची असते ती पावती. हे आयुष्यभर सांगत आलो, कुणी ऐकलं नाही. ऐकलं ते एका माणसाने, आणि मी सांगण्याच्या कितीतरी आधी. त्याचीच ही हकिगत.

साल १९८८, फेब्रुवारी महिना. मी तेव्हा रायगड जिल्ह्यातल्या एका शाखेत होतो. जिल्ह्याचं नाव बदलून सातेक वर्षं झाली होती, तरी जुने लोक कुलाबाच म्हणायचे. सकाळी अकराच्या सुमारास रोहा तालुक्यातली एक आजी आल्या. पासष्टीच्या असतील. नऊवारी, पायात टायरच्या चपला, हातात युरियाच्या गोणीच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं पुडकं. यजमान कार्तिकात गेले म्हणाल्या. मी सवयीने मृत्यूचा दाखला मागितला. त्यांनी आधी पुडकं सोडलं. आत एका जुन्या खाजगी कंपनीची पॉलिसी, इंग्रजी टायपातलं एक पत्र, आणि दाभणाने भोक पाडून सुतळीत ओवलेल्या पावत्या होत्या. मी मोजल्या. बारा.

"पैशासाठी नाय आले, साहेब," त्या म्हणाल्या. "ह्यांनी पैसे भरले व्हते का नाय, तेवढं सांगा."

कंपनीचं नाव मी इथे देत नाही. १९५६ नंतर ते नाव उरलंही नाही. पॉलिसी १ एप्रिल १९५३ ची, विमा रक्कम २,००० रुपये, मुदत वीस वर्षं, बोनस नसलेली. हप्ता तिमाही, २२ रुपये ८ आणे. यजमान गिरणीत कामाला, लालबागला गावकऱ्यांच्या खोलीत राहायचे. इंग्रजी पत्र मार्च १९५६ चं होतं: जानेवारीचा हप्ता मुदतीत न आल्याने आपली पॉलिसी बंद झाली आहे.

इथे थोडं थांबून धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावर उभं आहे. १९३८ च्या विमा कायद्यात ११३ वं कलम होतं. त्या काळी सलग तीन वर्षांचे हप्ते भरले असतील, तर पुढे एक पैसा न भरताही पॉलिसी मरत नव्हती. भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात तिची रक्कम कमी व्हायची आणि तेवढी पॉलिसी जिवंत राहायची. तिला आम्ही पेड-अप म्हणतो. तीन वर्षांना एक हप्ता जरी कमी पडला, तरी ती लॅप्स व्हायची, म्हणजे बंद. मग भरलेले सगळे पैसे बुडायचे. तिमाही हप्ता म्हणजे तीन वर्षांचे बारा हप्ते. एप्रिल १९५३ पासून मोजा. बारावा येतो तो १ जानेवारी १९५६ चा. सवलतीचे तीस दिवस धरले तर ३१ जानेवारीपर्यंत.

म्हणजे तो एक हप्ता आला असेल, तर ऐंशीपैकी बारा हप्त्यांच्या हिशेबाने ३०० रुपये देणं लागत होतं. नसेल आला, तर शून्य.

बारावी पावती हातात होती. तारीख २४ जानेवारी १९५६. नाव बरोबर, रक्कम बरोबर. खाली जांभळ्या शाईत कस्टोडियनचा, म्हणजे सरकारने कंपनीवर नेमलेल्या अधिकाऱ्याचा शिक्का, आधीच्या अकरा पावत्यांवर तो नव्हता. अडचण एकच होती. पॉलिसी नंबर पाच आकडी, ४१७३८. दाभण नेमकं त्या नंबरातूनच गेलेलं. बत्तीस वर्षांत सुतळीने भोक मोठं केलं होतं. दिसत होता पहिला ४, मग भोक, मग ३८.

आमच्या वरिष्ठांनी भिंग लावून पाहिलं आणि सांगितलं, नुसत्या नावावर पावती लावता येणार नाही. या नावाचे दहा गिरणी कामगार निघतील. त्यात कंपनीचं स्वतःचं लॅप्सचं पत्र समोर. दावा नामंजूर, शिवाय मुदत १९७३ साली संपलेली, म्हणजे मुदतबाह्यही. त्यांचं चुकत नव्हतं. नियमाचे पक्के होते आणि माझ्याशी फार चांगले वागले. त्या दिवशी मी त्यांचं ऐकलं असतं, तर फाइल पंधरा मिनिटांत बंद झाली असती, आणि अशा कितीतरी फायली मी स्वतः पंधरा मिनिटांत बंद केल्या आहेत.

मी त्यांच्याकडे एक दिवस मागितला, मुंबईच्या रेकॉर्डला जाऊन लेजर, म्हणजे कंपनीची खातेवही, पाहायला. कारण आजी आणखी एक गोष्ट बोलून गेल्या होत्या. ते २२ रुपये ८ आणे सामायिक घरातले होते. थोरल्या दिरांनी भात विकून पाठवलेले. मार्चमध्ये बंद झाल्याचं पत्र आलं तेव्हा दिरांनी चारचौघांत म्हटलं, मुंबईला उडवले असतील. त्यावरून चूल वेगळी झाली, बांध वेगळा झाला. यजमानांनी पावत्या सुतळीत ओवल्या त्या तेव्हा. दाखवायच्या कुणाला? घरात इंग्रजी कुणाला येत होतं? आणि इंग्रजी येणारे भेटले ते कंपनीच्या पत्रावर विश्वास ठेवणारे.

"ह्यांचा राग चिंतामणरावांवर व्हता," आजी म्हणाल्या. "सरकारनं कंपनी घेतली नि आमचं पैसं त्यात गेलं म्हणायचे. आणि मी तर माझं पैलं मत चिंतामणरावांना दिलेलं."

चिंतामणराव म्हणजे सी. डी. देशमुख. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत कुलाब्यातून काँग्रेसच्या तिकिटावर लोकसभेवर गेलेले, देशाचे अर्थमंत्री. आमच्या आयुर्विमा महामंडळात नोकरी करणाऱ्या प्रत्येकाला हे नाव ठाऊक असायला हवं. मला होतं ते परीक्षेपुरतं, एका ओळीचं. त्या दिवसापासून मी त्या माणसाच्या मागे लागलो आणि अजून सुटलेलो नाही.

महाडजवळ, रायगडाच्या परिसरातलं नाते हे त्यांचं जन्मगाव. जन्म १४ जानेवारी १८९६ चा. १९१२ ला मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिले आले, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली. मग केंब्रिजला जीझस कॉलेज, तिथे वनस्पतिशास्त्राचं पारितोषिक. १९१८ ला लंडनमध्ये आय.सी.एस.च्या परीक्षेत पुन्हा पहिले. नोकरी मध्य प्रांत-वऱ्हाडात. १९३९ ला रिझर्व्ह बँकेत आले, डेप्युटी गव्हर्नर झाले, आणि ऑगस्ट १९४३ मध्ये गव्हर्नर. त्या खुर्चीवर बसलेले पहिले भारतीय. पुढच्याच वर्षी ब्रेटन वुड्सला आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक यांचा पाया घातला गेला, तिथे भारताच्या शिष्टमंडळात ते होते. नोटेवर राजा जॉर्जचं चित्र आणि खाली नाते गावच्या मुलाची सही, हे दृश्य त्या काळातल्या लाखो लोकांनी हाताळलं. बँकेचं १ जानेवारी १९४९ ला राष्ट्रीयीकरण झालं तेही त्यांच्याच कारकिर्दीत.

इथपर्यंतचं आयुष्य मला समजतं. फार मोठ्या मापाचं, पण आमच्याच जातकुळीचं. फाइल, टिपण, आकडा, सही. मत मागायला दारात जाणं त्यात कुठे नाही. १९५० ला जॉन मथाईंनी अर्थमंत्रिपद सोडलं आणि नेहरूंनी देशमुखांना बोलावलं, तेव्हा ते जाणकार म्हणून गेले. मतदारसंघ आला दोन वर्षांनी. वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी हा माणूस कुलाब्याच्या गावांचा प्रतिनिधी झाला. एखाद्या वित्त अधिकाऱ्याला मतदार मिळाल्याने त्याच्यात नेमकं काय बदलतं, हा माझा प्रश्न आहे. त्याचं उत्तर मला १९५६ च्या जानेवारीत सापडतं असं वाटतं, आणि ते उत्तर मी एका लेजरच्या पानावर पाहिलं.

पहाटेची एस.टी. धरून मुंबईला गेलो. जुन्या कंपन्यांची लेजरं एका मोठ्या दालनात लोखंडी घोड्यांवर होती. महामंडळाने २४५ विमा कंपन्या आणि सोसायट्या पोटात घेतल्या: १५४ भारतीय, १६ परदेशी, ७५ प्रॉव्हिडंट सोसायट्या. प्रत्येकीची वही वेगळी, खुणा वेगळ्या, काहींची शाईसुद्धा वेगळी. या ढिगातून एक पान काढणं हे ज्याला जमतं त्याला मी मोठा माणूस समजतो. तिथले रेकॉर्ड क्लार्क तसे होते. निवृत्तीला चारेक वर्षं राहिलेली, कापडी बाह्या चढवलेल्या, बोटाला रबरी टोपी. मी कंपनीचं नाव सांगताच म्हणाले, "माझीच की. चौपन्न साली विसाव्या वर्षी लागलो तिथे."

त्यांनी लेजर काढलं. ४१७३८ चं पान. रुपये-आणे-पैचे तीन रकाने. एप्रिल १९५३ पासून एकेक नोंद, सुबक, एकाच हाताची. अकरावी ऑक्टोबर १९५५ ची. बारावा रकाना कोरा, त्यावर लाल शाईत लॅप्स.

मी गप्प झालो. ते मात्र पान तिरपं धरून बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, पावती कधीची?

चोवीस जानेवारीची.

"मग हे अक्षर त्या आठवड्यात नव्हतंच इथे," ते म्हणाले. आणि त्यांनी तो आठवडा सांगितला.

सोमवारी, १६ जानेवारीला पंडितजींचं रेडिओवर भाषण झालं. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, केंद्राच्या ताब्यात राहणार. त्या रात्रीपासून गिरणगाव पेटलं. संचारबंदी, लाठ्या, गोळीबार. लेजरवर बसणारे त्यांचे सहकारी परळला राहायचे. ते आठ-दहा दिवस कामावर येऊच शकले नाहीत. गुरुवारी, १९ तारखेला पुन्हा रेडिओ. या वेळी अर्थमंत्री देशमुख. आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण करत आहोत, सगळ्या कंपन्यांचा कारभार वटहुकमाने सरकारने हाती घेतला आहे. शुक्रवारी सकाळी कस्टोडियन दारात. रोकड मोजली, कपाटांना सील केलं, बँकेच्या सह्या बदलल्या. नवा शिक्का करून आणला.

"मालकांच्या माणसांना कळायच्या आत किल्ल्या गेल्या," रेकॉर्ड क्लार्क म्हणाले. "आम्हाला वाटलं नोकऱ्या गेल्या. पण त्या महिन्याचा पगार वेळेवर झाला."

देशमुखांनी ही गोष्ट इतकी गुप्त ठेवली त्याला कारण होतं. काही कंपन्यांचे मालक विमेदारांचा पैसा आपल्याच इतर धंद्यांत वळवत होते. डिसेंबर १९५५ मध्ये फिरोझ गांधींनी लोकसभेत हे उघड मांडलं होतं. आधी चर्चा आणि मग कायदा असं केलं असतं, तर कायदा येईपर्यंत तिजोरीत काय उरलं असतं? म्हणून आधी वटहुकूम, एका रात्रीत ताबा, मालकीचा कायदा नंतर. बँकिंगमध्ये मुरलेल्या माणसालाच हे सुचतं. पैसा कुठून गळतो आणि किती वेगाने, हे त्याला आतून माहीत असतं. पुढे संसदेत आलेल्या आयुर्विमा महामंडळाच्या कायद्यात त्यांच्या मंत्रालयाने ३७ वं कलम घातलं: महामंडळाने दिलेल्या आणि त्याच्याकडे आलेल्या सर्व पॉलिसींच्या रकमेला, बोनससह, केंद्र सरकारची रोख हमी. एक अट आहे, १४ व्या कलमाची. कंपनीची आर्थिक स्थिती पाहून तिच्या पॉलिसींची रक्कम कमी करता येते. इतकं बारीक लिहिलेलं, तरी सामान्य विमेदाराला सुरक्षित करणारं कलम मी दुसरं पाहिलेलं नाही.

आणि याच जानेवारीत, आपल्या कारकिर्दीतला एवढा मोठा निर्णय जाहीर करून काही दिवस होत नाहीत तोच, मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी नेहरूंना राजीनामा देऊ केला. तो तेव्हा स्वीकारला गेला नाही. त्यांनी फेब्रुवारीत अर्थसंकल्प मांडला. महामंडळाचा कायदा पार पडला. जूनमध्ये पंडितजींनी मुंबईत येऊन पुन्हा तेच जाहीर केलं, आणि जुलैमध्ये देशमुख बाहेर पडले. लोकसभेत निवेदन करताना त्यांनी दोन गोष्टी बोलून दाखवल्या. मुंबईचा निर्णय मंत्रिमंडळाला विश्वासात न घेता जाहीर झाला. आणि गोळीबाराची चौकशी नाकारली गेली, यात महाराष्ट्राविषयी आकस आहे. आय.सी.एस.मध्ये मुरलेला, जपून शब्द वापरणारा माणूस भर सभागृहात पंतप्रधानांसमोर हे म्हणतो. १ सप्टेंबरला महामंडळ सुरू झालं, तेव्हा ज्याने ते घडवलं तो मंत्री नव्हता. त्यांच्या जागी आलेल्या टी. टी. कृष्णम्माचारींना दीडच वर्षात, फेब्रुवारी १९५८ मध्ये, जावं लागलं ते याच महामंडळाच्या पैशाने उद्योगपती मुंद्रांच्या कंपन्यांचे शेअर घेतल्याच्या प्रकरणात. एक मंत्री लोकांसाठी बाहेर पडला, दुसऱ्याला लोकांच्या पैशापायी बाहेर पडावं लागलं. मी दोघांना एका मापाने मोजत नाही.

पण मी सांगत होतो लेजरचं.

पोस्टिंगला, म्हणजे लेजरात नोंदी करायला, परका माणूस बसला असेल, तर चूक कुठे होते हे लेखापाल मंडळींना सांगायला नको. शेजारचे दोन आकडे आलटून-पालटून लिहिले जातात. रकमेत तशी चूक झाली की फरकाला नऊने पूर्ण भाग जातो, आणि तिथून चूक सापडते. इथे रक्कम बरोबर होती, नंबर उलटा झाला असणार. पाच आकड्यांत शेजारच्या जोड्या चार. १४७३८ पाहिला, नाही. ४१३७८ पाहिला, नाही. ४१७८३, त्यातही नाही. उरला ४७१३८. ते लेजर वरच्या घोड्यावर होतं. क्लार्क साहेबांनी स्टूल घेतलं, मी खालून धरलं. धुळीने दोघांनाही शिंका सुरू झाल्या.

पान उघडलं. कुणा दुसऱ्या माणसाची पॉलिसी, याच दराची, हप्ता तोच २२-८-०. जानेवारी १९५६ च्या रकान्यात दोन नोंदी. एक ९ तारखेची, सुबक, नेहमीच्या हातची. तिच्याखाली दाटीवाटीने दुसरी, जाड निबाची, वेगळ्या अक्षरातली: २४-१-५६, २२-८-०. तिच्यापुढे बारीक अक्षरात: जादा, डिपॉझिट.

माणूस एका तिमाहीत दोनदा हप्ता भरत नाही. क्लार्क साहेबांनी रोकडवहीचा त्या दिवसाचा फोलिओ काढला. पावती क्रमांक आजींच्या पावतीचा, नाव आजींच्या यजमानांचं. नंबर ४७१३८. पावती फाडणाऱ्यानेच नंबर उलटा लिहिला होता, आणि दाभण नेमकं त्या चुकीवरून गेलं होतं.

ते जाड निबाचं अक्षर मला आजही दिसतं. शहर पेटलं म्हणून नेहमीचा हात जागेवर नव्हता. ताबा बदलला म्हणून नवा शिक्का होता. सोमवारचा रेडिओ आणि गुरुवारचा रेडिओ, दोन्ही त्या एका ओळीवर येऊन पडले होते, आणि कोकणातल्या एका घराची चूल त्या ओळीने फोडली. चूक होती कंपनीच्या काउंटरची. तरी यजमान सरकारवर आणि आपल्या खासदारावर एकतीस वर्षं राग धरून राहिले. त्यांना कसं कळणार? पावतीवर शिक्का तर सरकारचाच होता. आणि त्या शिक्क्यामुळेच आम्ही ३०० रुपये देणं लागत होतो, हेही त्यांना कुणी सांगितलं नाही. ते गेल्यावर चार महिन्यांनी मी ते शोधून काढलं. हे मला अजून खातं.

पुढचं काम कागदाचं. रोकडवहीच्या फोलिओची साक्षांकित प्रत, दोन्ही पानांच्या प्रती, मुदतबाह्य दाव्याला वरची मंजुरी. ४७१३८ च्या मालकाला १९७३ मध्ये मॅच्युरिटीबरोबर ते जादा २२ रुपये ५० पैसे परत गेले होते. त्यावर ऑडिटने विचारलं, एकाच हप्त्याचा पैसा दोनदा दिला, वसुली कुणाकडून? मी उत्तर लिहिलं: महामंडळ कायद्याच्या ७ व्या कलमाने कंपनीची मालमत्ता घेतली तशी तिची देणीही घेतली, हे देणं २४ जानेवारी १९५६ चं आहे, ३७ व्या कलमाने त्याला हमी आहे. वरिष्ठांनी, ज्यांनी आधी नामंजूर म्हटलं होतं त्यांनीच, माझ्या उत्तरावर एक अक्षर न बदलता सही केली. हरकत मागे घेतली गेली. नोकरीत मी लिहिलेल्या हजारो कागदांत तो कागद मला सगळ्यात प्रिय आहे.

एप्रिलमध्ये आजींना बोलावलं. ३०० रुपयांचा चेक. भरलेले होते २७०. त्यांनी अंगठा उमटवला, चेक घेतला आणि तशाच बसून राहिल्या.

"लिहून द्या ना, साहेब."

काय लिहून देऊ, आजी?

"बारा हप्ते भरले म्हणून. मराठीत. दिरांना वाचून दाखवायचंय. ते हायत अजून."

असा काही फॉर्म आमच्याकडे नाही. मी लेटरहेड घेतलं आणि हाताने लिहिलं: अमुक यांनी पॉलिसी क्रमांक ४१७३८ चे एप्रिल १९५३ ते जानेवारी १९५६ पर्यंतचे सर्व बारा हप्ते मुदतीत भरले होते. नोंद चुकीच्या खात्यावर झाली होती, यात त्यांचा काही दोष नव्हता. खाली सही, शिक्का. शाखेचा गोल शिक्का थोडा तिरका उमटला, तर त्यांनी पुन्हा मारायला लावला.

देशमुख तेव्हा हयात नव्हते. २ ऑक्टोबर १९८२ ला ते हैदराबादला गेले. राजीनाम्यानंतरही त्यांनी विद्यापीठ अनुदान आयोग सांभाळला, दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले. मेघदूतही त्यांनी मराठीत आणलं. १९६९ ला राष्ट्रपतिपदासाठी उभे राहिले आणि तिसरे आले. लोकसभेत पुन्हा गेले नाहीत. १९५७ च्या निवडणुकीत कुलाब्याने शेतकरी कामगार पक्षाचा माणूस पाठवला. चार वर्षांची खासदारकी, बस. पण मला विचाराल, तर गव्हर्नर म्हणून केलेल्या सगळ्या सह्यांपेक्षा त्या चार वर्षांत त्यांनी दोन गोष्टी मोठ्या केल्या. गिरणी कामगाराच्या २२ रुपये ८ आण्यांना सरकारची हमी दिली, आणि त्याच कामगाराच्या वस्तीवर गोळ्या झाडल्या गेल्या तेव्हा खुर्ची सोडली. पहिली गोष्ट त्यांच्यातल्या बँकरने केली असेल. दुसरी बँकर करत नाही.

उठताना आजींनी प्लास्टिकच्या पुडक्यातून शेवटचा कागद काढला. पोस्टकार्ड, कधी न टाकलेलं. शाळेच्या मास्तरांच्या वळणदार अक्षरात. ५६ च्या श्रावणात यजमान मास्तरांकडे बसले होते, चिंतामणरावांना तक्रार कळवायला. मजकुरात पॉलिसी नंबर, ४१७३८, अगदी बरोबर. हप्त्याची तारीख, पावतीची तारीख. शेवटी एक ओळ: आपण आमचे, म्हणून आपणांस लिहितो. मग कार्ड उलटून मास्तरांनी पत्ता घालायला घेतला आणि थांबले. ते आता मंत्री नाहीत, आपल्यासाठी राजीनामा देऊन मोकळे झाले, आता त्यांना कसला त्रास द्यायचा, असं मास्तर म्हणाले. गावात तेव्हा चिंतामणरावांचा जयजयकार चालला होता. त्यात यजमानांचा आवाज निघाला नाही. कार्ड घरी आलं.

मी त्याची झेरॉक्स काढून डॉकेटला, म्हणजे त्या पॉलिसीच्या फाइलला, लावली. मूळ आजी घेऊन गेल्या. रेकॉर्ड नष्ट करण्याच्या मुदतीप्रमाणे ते डॉकेट केव्हाच रद्दीत गेलं असणार. पत्त्याच्या जागी एवढंच होतं: मा. चिंतामणराव. पुढे शाईचा एक ठिपका, टाक टेकवून ठेवल्यावर पडतो तसा.